मुलाचं नाव ठरत नाहीये? आधी दोघांची कारणं लिहून काढा

आमच्या फ्रिजवर दीड महिना एक कागद लावलेला होता. मधोमध रेघ, डावीकडे माझी दहा नावं, उजवीकडे नवऱ्याची दहा. माझ्या यादीत सगळ्यात वर मल्हार, त्यावर त्याची काट. त्याच्या यादीत आरव, ओजस, अर्णव, ईशान, त्या सगळ्यांवर माझी काट. मुलीचं नाव एका संध्याकाळी चहा पिता पिता ठरलं होतं. मुलाच्या नावाशी आलो की दोघंही गप्प व्हायचो आणि कुणीतरी उठून भांडी आवरायला लागायचं.

त्यानंतर ओळखीतल्या पाच-सहा जोडप्यांसोबत याच कामासाठी बसले. जवळजवळ सगळीकडे गाडं मुलाच्या नावावरच अडलं होतं. मुलीचं नाव आपण आपल्या आवडीने ठेवतो. मुलाच्या नावात कुलदैवत येतं, पणजोबा येतात, 'घराण्याला शोभेल असं' येतं, शिवाय तो पुढे अमेरिकेला जाईल का हेही येतं. एवढं ओझं तीन अक्षरांवर टाकल्यावर नवरा-बायकोचं एकमत सहजासहजी व्हायचं नाही. पण ते होतं. आमचं झालं, आणि दोघांपैकी कुणालाही मन मारावं लागलं नाही. कसं झालं ते क्रमाने सांगते. क्रम शक्यतो मोडू नका, कारण अर्धी भांडणं चुकीच्या वेळी चुकीचा प्रश्न काढल्याने होतात.

सातव्या महिन्यात बसा

आपल्याकडे गर्भलिंग निदानाला १९९४च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. त्यामुळे घरात दोन याद्या लागतात. त्यातली जी अवघड, ती 'मुलगा झाला तर बघू' म्हणून मागे पडते. मग मुलगा होतो आणि हातात उरतात बारशापर्यंतचे बारा दिवस. टाके ओले, रात्रीचं जागरण, दुधाची काळजी, घरात पाहुणे. या दिवसांत घेतलेला निर्णय पुष्कळदा 'जाऊ दे, ठेवा काय ठेवायचं ते' असा असतो, आणि हे 'जाऊ दे' पुढे कित्येक वर्षं बाहेर येत राहतं. म्हणून सातव्या महिन्यातच, डोहाळजेवणाच्या आसपास, एक निवांत रविवार काढा.

एक भीती आधीच काढून टाकते. रुग्णालयातून घरी सोडताना नाव द्यावंच लागतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची माहिती २१ दिवसांत निबंधकाकडे जायला हवी. बाळंतपण रुग्णालयात झालं असेल तर ती रुग्णालयच पाठवतं. पण बाळाच्या नावाचा रकाना रिकामा ठेवून ही नोंद होते. याच कायद्याच्या कलम १४ मध्ये नाव मागाहून घालायची सोय आहे. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे कायदा तुम्हाला वर्षभर देतो. घाई असते ती बारशाची, आणि तिच्यावरही उपाय आहे, तो पुढे येईल.

परदेशात राहणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. इंग्लंडमध्ये ४२ दिवसांत जन्मनोंदणी करावी लागते. तिथे लिंग आधी कळतं, त्यामुळे यादीही एकच पुरते. बाकी सगळं तेच.

आधी कारणं

आता मुख्य काम. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून दहा-दहा नावं लिहायची. प्रत्येक नावासमोर एक ओळ: हे मला का हवं आहे. इथे वेबसाइटवरून अर्थ उतरवायचा नाही, स्वतःचं कारण लिहायचं. 'आजोबांची आठवण', 'छोटं आहे', 'वर्गात दुसरा नसेल', 'कॉलेजात या नावाचा एक फार चांगला मुलगा होता', काहीही चालेल. कारण सापडत नसेल तर तेही लिहा, 'नुसतं कानाला बरं वाटतं'.

याद्या बदलल्यावर आपल्याला आवडलेलं नाव शोधायची घाई करू नका. समोरच्याच्या दहा नावांत काय सारखं आहे ते बघा. किती अक्षरी आहेत? देवांची आहेत की निसर्गातली? जोडाक्षरं आहेत का? सुरुवात कशाने होते, शेवट कशावर होतो? माणसाला आपली आवड शब्दांत सांगता येत नाही, पण त्याची यादी ती सांगत असते.

आमच्या घरी जे झालं ते इथे सांगायलाच हवं. नवऱ्याची नावं बघून मी ठरवून टाकलं होतं की याला नव्या फॅशनची, गुळगुळीत नावं आवडतात, घरच्या देवाचं नाव याला गावठी वाटतं. त्यावरून मी त्याला दोनदा बोललेसुद्धा. याद्या कारणांसकट लिहायच्या असं ठरलं तेव्हा त्याने निम्म्या नावांपुढे फक्त 'सोपं' असं लिहिलं. मग मी पहिली अक्षरं बघितली. दहापैकी नऊ नावं अ, आ, ई किंवा ओ ने सुरू होत होती. मी विचारलं, ''तुला स्वरांचं एवढं काय आहे?'' तो जरा वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसला. मग म्हणाला, ''माझा 'म' अडतो. 'प' पण. लहानपणी फार अडायचा, आता कमी झालंय, पण चार लोकांत, फोनवर, घाईत अजून अडतो. मल्हार मला हाक मारता येणार नाही.''

लग्नाला सहा वर्षं झाली होती. तो कधीकधी बोलता बोलता शब्द बदलतो हे मी बघितलं होतं. मिसळीच्या दुकानात ऑर्डर कायम मीच देते, तो खुणेनेच दाखवतो, हे मला त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं.

माझं कारण काय होतं? मल्हार म्हणजे खंडोबा. दोन्ही घरांचं कुलदैवत तेच, आणि लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी जेजुरीच्या पायऱ्या चढले आहे. भंडाऱ्याने माखलेली त्यांची मान मला अजून डोळ्यांसमोर दिसते. म्हणजे मला हवा होता खंडोबा, आणि त्याला हवा होता स्वर. नावांत भांडण होतं, कारणांत नव्हतंच. खंडोबा हा शंकराचा अवतार, आणि ईशान हे शंकराचंच नाव. शिवाच्या पाच मुखांपैकी एक ईशान. ईशान्य दिशेचं नावही त्याच्यावरूनच. ते नाव त्याच्या यादीत सहाव्या ओळीवर पहिल्या दिवसापासून होतं आणि बाकीच्यांसोबत मी त्यावरही काट मारली होती.

सगळ्यांच्या घरी असं काही निघेलच असं नाही. पण नावावर अडलात की एक पायरी वर, कारणापर्यंत जायचं, आणि त्याच कारणाच्या दुसऱ्या बाजूने खाली उतरायचं. एकाला 'आजोबा शिक्षक होते, त्यांची आठवण' हवी आणि दुसऱ्याला 'जुनाट नको' असेल, तर दत्तात्रय की विहान असं भांडत बसू नका. ज्ञान, गुरू, पुस्तक यांतून निघणारी आजची नावं शोधा. एकाला दोन अक्षरी हवं आणि दुसऱ्याला आईशी जोडलेलं, तर पार्थ बघा. पृथेचा, म्हणजे कुंतीचा मुलगा. कौंतेय, राधेय, सौमित्र हीसुद्धा आईवरूनच पडलेली नावं आहेत. बौद्ध घरांत मिलिंद, नागसेन, राहुल, सिद्धार्थ अशी घट्ट परंपरा आहे. तिथेही आजी-आजोबांना परंपरा हवी असते आणि आई-बाबांना नवेपणा. कारणं लिहायची रीत तिथेही तेवढीच कामाला येते.

'नको' म्हणायचे नियम

प्रत्येक नावाला तीनपैकी एक खूण: हो, चालेल, नको. 'नको'ला स्पष्टीकरण मागायचं नाही. त्या नावाचा कुणी शाळेत रोज कान पिळायचा, कुणी पूर्वी लग्नाचा शब्द देऊन फिरवला, काहीही असू शकतं, आणि ते सांगायची वेळ ज्याची त्याने ठरवायची. मी नवऱ्याला 'का नको, का नको' करत राहिले. ते केलं नसतं तर बरं झालं असतं. त्याला सांगायला दीड महिना लागला, त्यातला बराचसा माझ्या विचारण्याच्या पद्धतीमुळे गेला.

एकाचं 'हो' आणि दुसऱ्याचं 'चालेल' असेल तर ते नाव आठवडाभर बाजूला ठेवा. 'चालेल'चं बहुतेकदा काहीतरी ठरतं, इकडे किंवा तिकडे. दोघांचंही 'चालेल' असेल तर ते नाव सोडा. मुलाला असं नाव द्यावं जे आई किंवा बाबांपैकी एकाने तरी मनापासून मागितलंय.

सौदे करू नका, हे मी आग्रहाने सांगेन. 'मुलगी झाली तर तू ठेव, मुलगा झाला तर मी', किंवा 'हा माझा, पुढचा तुझा'. ऐकायला न्याय्य वाटतं, पण यात दोघांपैकी एकाचं कारण पूर्ण बाद होतं, आणि पुढचं मूल होईल की नाही हे कुणाला माहीत?

दोघांच्या नावांची अक्षरं कापून नवीन नाव जुळवायचीही हल्ली पद्धत आहे. बाबांचं पहिलं अक्षर, आईचं दुसरं, शेवटी 'अंश'. मला ते पटत नाही. असं नाव कानाला ओळखीचं वाटतं पण त्यात काही नसतं, आणि मूल मोठं झाल्यावर 'म्हणजे काय?' विचारतं तेव्हा सांगायला गोष्ट नसते. जोडायचंच असेल तर माणसं जोडा. सुनील गावसकर यांनी मुलाचं नाव रोहन जयविश्व ठेवलं. रोहन कन्हायवरून रोहन, जयसिंहावरून जय, विश्वनाथवरून विश्व. तीन आवडते क्रिकेटपटू एका नावात आले, आणि 'रोहण' म्हणजे चढणे हा संस्कृत शब्दही त्याच्या जवळच आहे. सचिन तेंडुलकरचं नाव वडिलांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं. नावामागे एक माणूस, एक आवड असली की ते सांगताना आई-बापाचा चेहरा फुलतो, आणि मुलाला तेच लक्षात राहतं.

अर्थ स्वतः तपासा

नावांच्या वेबसाइटवर बहुतेक नावांचे अर्थ 'तेजस्वी', 'अद्वितीय' किंवा 'सूर्याचा पहिला किरण' असे असतात. त्यांवर विसंबू नका. आरव घ्या. अनेक ठिकाणी अर्थ 'शांत' दिलेला सापडतो. पण रव म्हणजे आवाज. पक्ष्यांचा कलरव म्हणतो, नीरव शांतता म्हणतो. आरव म्हणजे नाद, आरोळीसुद्धा. वाईट अर्थ नाही, बाळाला तर शोभतोच, पण 'शांत' म्हणून ठेवत असाल तर उलटं होतंय हे माहीत असू द्या. अनय म्हणजे नय नाही ते, अनीती, हा संस्कृतातला सरळ अर्थ. राधेच्या नवऱ्याचं नाव म्हणून ते काहींना प्रिय असतं, तेही खरं. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही असा. एका घरात आजीने यावरून नाव मोडून काढलं होतं. मग कुणीतरी सांगितलं की ते शंकराचं नाव आहे, सगळं जगच ज्याचं घर असा. आजी लगेच राजी झाल्या.

वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत कोश इंटरनेटवर शोधता येतो. नावाची फोड करता आली नाही तर शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, त्यांना हा प्रश्न आवडतो. 'शिवांश'ची फोड होते, शिव अधिक अंश. 'रियांश'ची करून बघा, पुढे काय ते तुमचं तुम्हाला कळेल.

आता तोंडाने म्हणा

कागदावर सुंदर दिसणारी नावं तोंडात आली की वेगळी होतात. यादी तीन-चार नावांवर आली की पुढचे चार-पाच दिवस ती मोठ्याने म्हणायची.

बाल्कनीतून खाली खेळणाऱ्या मुलाला जेवायला बोलावताय अशी हाक मारा. हाकेत स्वर लांबवावा लागतो. 'ईऽऽशान' लांबतं, 'ओऽऽजस' लांबतं, 'ऋत्विक' तुटतं. मग रागावून म्हणा, 'अर्णव, आधी हात धू!' मग झोपवताना म्हणतो तसं, कुजबुजत. तिन्ही सुरांत नाव जमायला हवं, कारण घरात रोज हे तीनच सूर लागणार आहेत.

मग मित्रांच्या तोंडात घाला. मराठी मुलं कुठल्याही नावाला 'या' जोडतात. सचिनचा सच्या, विनोदचा विन्या, अथर्वचा अथ्या. ते थांबवता येत नाही आणि त्यात प्रेम असतं. फक्त तुमच्या नावाचं काय होईल ते आधीच एकदा बोलून बघा. ईशानचं ईश्या होईल आणि लाडाने ईशू. 'ईशा' अशी हाक पडली की मुलगी समजतील, अशी सासूबाईंची शंका होती. आम्ही दोघांनी विचार करून चालेल म्हटलं.

त्यानंतर पूर्ण नाव. इथे महाराष्ट्रात एक मोठा बदल झालाय आणि नाव निवडताना त्याचा विचार फार कमी लोक करतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांचं नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहिलं जातं. शाळेची कागदपत्रं, सातबारा, शिधापत्रिका अशा ठिकाणी. म्हणजे बाळाच्या नावाला लागून आता आईचं नाव येतं. तो सांधा म्हणून बघा. तेजस हे नाव मला फार आवडायचं, पण माझं नाव 'स'ने सुरू होतं. दोन 'स' एकमेकांत अडकून पूर्ण नाव घसरल्यासारखं ऐकू यायचं. निनादपुढे 'द'चं नाव आलं तरी तेच होईल. चारही शब्द सलग दहा वेळा म्हणा, शाळेत हजेरी घेतात तसं. आईचं आणि वडिलांचं नाव लांब असेल तर बाळाचं छोटं ठेवणं शहाणपणाचं, फॉर्मवरच्या चौकटी तेवढ्याच असतात. दोघांची नावं मुलाच्या नावाला जोडली जाणार आहेत, हे एकत्र बसून म्हणून बघताना फार छान वाटतं, एवढंही सांगते.

इतरांच्या जिभेचा विचार तुमच्या परिस्थितीप्रमाणे करा. मूल कोल्हापुरात वाढणार असेल तर ज्ञानेश उत्तम. दिल्लीत त्याला ग्यानेश म्हणतील, आणि इंग्रजी डी-एन-वायवर प्रत्येक जण एकदा अडखळेल. ऋ आपण रु म्हणतो, हिंदीत रि म्हणतात, म्हणून आपला रुतुराज तिकडे रितुराज होतो आणि दोन कागदांवर दोन स्पेलिंगं येतात. ळ आला की गोपाळचा गोपाल होतो. एक जोडीदार बंगाली असेल तर अर्णवचा अर्णब होणार. तमिळ किंवा कन्नड असेल तर साध्या 'त'ला इंग्रजीत टी-एच लागेल, अद्वैतच्या शेवटी दिसेल. दोन भाषांच्या घरांत हे हसण्यावारी नेऊ नका. ज्या आजीला नातवाचं नाव नीट म्हणता येत नाही, ती ते कमी उच्चारते. आणि परदेशात वाढणार असेल तर हर्षित, अक्षित अशा नावांच्या इंग्रजी स्पेलिंगची शेवटची चार अक्षरं वेगळी वाचून बघा. शाळेतली मुलं ती नक्की वाचतात.

स्पेलिंगही आत्ताच ठरवा. ईशान आय-एस-एच-ए-एन की शेवटी दोन ए? अंकशास्त्रासाठी जादा अक्षर घालायचं असेल तर ते पहिल्या दाखल्यापासूनच घाला, मधे बदलू नका.

मोठ्यांना काय द्यायचं

'नाव आम्ही दोघांनी ठरवायचं' हे बरोबरच आहे. पण ते मोठ्यांना तोडून सांगायची गरज नाही, कारण आपल्या बारशात त्यांच्यासाठी जागा आधीपासून केलेली आहे, आपण ती वापरत नाही एवढंच.

नामकरणाच्या विधीत नावं एक नाही, चार असतात: देवतानाव, मासनाव, नक्षत्रनाव आणि व्यवहारातलं नाव. मासनावं ठरलेली आहेत. मार्गशीर्षात जन्मला तर कृष्ण, पौषात अनंत, माघात अच्युत, चैत्रात वैकुंठ, वैशाखात जनार्दन, श्रावणात वासुदेव. बघा, आजोबांना ज्या वळणाची नावं हवी असतात ती इथेच आहेत. ताम्हणात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने ही चारही नावं लिहितात. व्यवहाराचं नाव तुमचं. बाकीच्या तीन जागा मनापासून घरच्यांना द्या, 'उरलेलं तुम्ही ठेवा' या सुरात नव्हे.

नक्षत्राच्या अक्षरावरून घरोघरी फार ताण होतो, म्हणून थोडं सविस्तर. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, प्रत्येक चरणाला एक अक्षर, अशी १०८ अक्षरं. अश्विनीला चू, चे, चो, ला. मघाला मा, मी, मू, मे. पण हस्ताला पू, ष, ण, ठ. आमचं बाळ हस्ताच्या तिसऱ्या चरणावर जन्मलं, म्हणजे अक्षर आलं 'ण'. ण ने सुरू होणारं नाव मराठीत कुणाचंच नाही! सासूबाईंनी गुरुजींना विचारलं. त्यांनी त्याच नक्षत्राच्या दुसऱ्या अक्षरावरून पत्रिकेपुरतं एक नाव काढून दिलं आणि व्यवहाराचं नाव कुठलंही ठेवा म्हणाले. तुमच्याकडे या अक्षराचा आग्रह असेल तर गुरुजींनाच मोठ्यांसमोर हा प्रश्न विचारा. तुम्ही शंभर वेळा सांगून जे पटत नाही ते त्यांच्या एका वाक्याने पटतं.

आत्याचं तर हक्काचं काम. कानात 'कुर्रर्र' करून नाव तीच सांगणार आणि पाठीत धपाटेही तीच खाणार. तिला आधीपासून सोबत घ्या. आम्ही नणंदेला आठ दिवस आधी नाव सांगितलं आणि बाकी कुणालाही नाही. याचे दोन फायदे झाले. तिला मान मिळाला, आणि पंधरा नातेवाइकांची मतं ऐकावी लागली नाहीत. नाव ठरण्याआधी सांगितलं की लोकांना ती सूचना वाटते. पाळण्याशी सांगितलं की ते नाव होतं.

बाराव्या दिवसापर्यंत तुमचं ठरलंच नाही तर? बारसं पुढे ढकला, सव्वा महिन्याने करा, पुष्कळ घरी तसं करतात. किंवा त्या दिवशी देवाचं, मासाचं, नक्षत्राचं नाव ठेवून पाळणा म्हणून घ्या. घुगऱ्या वाटल्या जातात, आजी समाधानाने बसतात आणि तुम्हाला महिनाभर मिळतो. मात्र तोवर घरात कुठलं तरी एक लाडाचं नाव रुळतं आणि मग तेच राहतं. 'बाळा'वर भागवा.

शेवटी कागद

नाव ठरलं की महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदणीत ते घालून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार, मतदारयादी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो. त्यामुळे यावरचं नाव हेच पहिलं आणि खरं, बाकी सगळं याच्याशी जुळणार.

माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण सांगते. रुग्णालयातून घरी सोडायच्या दिवशी खिडकीवर बाळाचं नाव विचारलं. ती वर खोलीत, नवरा औषधांच्या रांगेत. सोबतच्या एका ज्येष्ठ नातलगाने हौसेने आपल्या मनातलं नाव सांगून टाकलं. तेच नोंदीत गेलं. नंतर ते बदलायला या जोडप्याने किती खेटे घातले ते मी बघितलं आहे. म्हणून सोबत जो कुणी असेल त्याला आधीच सांगून ठेवा: नाव विचारलं तर 'नंतर देणार' एवढंच म्हणा.

अर्ज भरताना नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे तुम्ही स्वतः मोठ्या अक्षरांत लिहा. ऱ्हस्व-दीर्घ बघा. आमच्या पहिल्या प्रतीवर ईशानचा 'इ' ऱ्हस्व आला होता. खिडकीवरच वाचलं म्हणून जागच्या जागी दुरुस्त झालं. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून तुमची दोघांची नावं, आडनाव, तारीख, सगळं वाचा, मगच निघा. चार-पाच प्रती घेऊन ठेवा.

बारशाच्या दिवशी ताम्हणात पहिली ओळ श्रीगणेशाची झाली आणि खाली देवतानावाच्या जागी मी अंगठीने 'मल्हार' लिहिलं. तांदळात 'ल्हा' नीट उमटेना, दोनदा पुसून लिहिलं. मग मासनाव अच्युत, मग नक्षत्रनाव. शेवटची ओळ नवऱ्याने लिहिली. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, नणंदेने कानात दोन्ही नावं सांगितली, आधी देवाचं आणि मग हाकेचं.

आता तो वर्षाचा झालाय. संध्याकाळी दार उघडलं की नवरा चपला काढायच्या आधीच 'ईऽऽ' लांबवतो, आणि 'शान' यायच्या आत आतल्या खोलीतून फरशीवर तळव्यांचा पटापट आवाज सुरू होतो.